पोलादी बॅरन : बेत्तिनो रिकासोली

इटलीच्या स्वातंत्र्याची आणि एकीकरणाची कथा मराठी वाचकाला परकी नाही. सावरकरांनी लंडनच्या वास्तव्यात मॅझिनीचे आत्मचरित्र व राजकारण मराठीत आणले, १९०७ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले आणि लवकरच सरकारच्या रोषालाही पात्र ठरले. तेव्हापासून मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि काव्हूर ही त्रिमूर्ती आपल्या ओळखीची झाली. एकाने विचार दिला, दुसऱ्याने तलवार दिली, तिसऱ्याने मुत्सद्देगिरी दिली, असे आपण इतिहासाच्या तासाला शिकत आलो. या तिघांच्या शेजारी एक चौथा माणूस उभा आहे. काव्हूरच्या मृत्यूनंतर संयुक्त इटलीचा पंतप्रधान तोच झाला, आणि पुढे एकदा पुन्हा झाला. तरी त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. गंमत अशी की खुद्द इटलीतही सामान्य माणसाला हे नाव आठवते ते राजकारणामुळे नव्हे, लाल वाइनच्या बाटलीमुळे. हा माणूस म्हणजे ब्रोलिओचा बॅरन बेत्तिनो रिकासोली.

वाइनचे नाव काढताच आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. आपल्याकडे मद्य म्हटले की गुत्ता, कर्ज आणि उद्ध्वस्त संसार डोळ्यांसमोर येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण टस्कनीच्या शेतकऱ्याच्या घरी पाव, ऑलिव्हचे तेल आणि द्राक्षांची वाइन ही शतकानुशतके रोजच्या जेवणाची तीन अंगे होती. आपल्याकडे भाकरीबरोबर ताक असावे, तशी तिथे पावाबरोबर वाइन. ती चांगली की वाईट, यावर त्या मुलखाची शेती, व्यापार आणि अब्रू अवलंबून असे. म्हणूनच एका कठोर, धर्मनिष्ठ, शिस्तप्रिय जमीनदाराने आयुष्याची चाळीसेक वर्षे तिच्यामागे घालवली, यात त्याच्या देशवासीयांना काही विपरीत वाटले नाही.

बेत्तिनोचा जन्म ९ मार्च १८०९ रोजी फ्लॉरेन्स शहरात झाला. घराणे पुराणे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या मधल्या डोंगराळ भागातील ब्रोलिओचा गड ११४१ पासून या घराण्याकडे आहे, असे सांगतात. ही दोन शहरे एकमेकांची हाडवैरी. ब्रोलिओ नेमका दोघांच्या सीमेवर. त्यामुळे गडाने किती वेढे पाहिले, किती वेळा तो पडला आणि पुन्हा उभा राहिला, याची मोजदाद कठीण. पण बेत्तिनोच्या वाट्याला आले तेव्हा हे वैभव आतून पोखरलेले होते. वडील तो लहान असतानाच वारले. मागे राहिले कर्ज, गहाण पडलेल्या जमिनी आणि विस्कळीत कारभार. प्रातोच्या प्रसिद्ध विद्यालयात त्याचे शिक्षण झाले. विज्ञानाची त्याला ओढ होती, पण पुढे शिकण्याची सवड मिळाली नाही. आईही गेली, आणि वयाच्या अठराव्या वर्षी ग्रँड ड्यूकच्या खास हुकुमाने त्याला सज्ञान ठरवून दोन धाकट्या भावांचे पालकत्व आणि सगळी मालमत्ता त्याच्या हाती सोपवण्यात आली. आपल्याकडे एखाद्या बुडत्या वाड्याचा थोरला मुलगा शिक्षण सोडून शेतावर परततो, तसेच हे झाले. त्याच्या स्वभावातील कठोरपणाचे मूळ बहुधा याच वयात आहे.

१८३० साली त्याचा विवाह आन्ना बोनाकोर्सी हिच्याशी झाला. एक मुलगी झाली, तिचे नाव एलिझाबेत्ता. या दांपत्याविषयी टस्कनीत एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. फ्लॉरेन्समधील एका नृत्यसमारंभात कोणी तरुण आन्नाशी जरा अधिकच सलगीने वागतो आहे, असे बेत्तिनोला वाटले. त्याने पत्नीला बाहेर बोलावले, बग्गीत बसवले आणि गाडीवानाला ब्रोलिओकडे हाकायला सांगितले. थंडीची रात्र, अंगावर नृत्याचा पोशाख, पुढे डोंगरातली वाट. पहाटे दोघे गडावर पोचली आणि त्यानंतर शहरातले त्यांचे दिवस संपले. यात तथ्य किती आणि तिखटमीठ किती, हे सांगणे कठीण आहे. पण लोकांनी ही कथा याच माणसाच्या नावावर खपवली, यावरून लोक त्याला कसा ओळखत होते ते कळते. इतके मात्र खरे की १८३० नंतरच्या दशकात त्याने शहरातील उमरावी जीवनाकडे पाठ फिरवली आणि कुटुंबासह ब्रोलिओला मुक्काम हलवला. त्याच्या वर्गातले बहुतेक जमीनदार शहरात राहत, जमीन कारभाऱ्यावर सोपवत आणि वर्षातून एकदा हिशेब बघत. हा मात्र मातीजवळ जाऊन राहिला.

त्या मातीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हा मुलूख म्हणजे कियांती. डोंगरउतार, ओक आणि चेस्टनटची जंगले, मध्येमध्ये ऑलिव्ह आणि द्राक्षवेल. जमीन दगडगोट्यांची, कुठे ठिसूळ, पापुद्र्यांसारखा सुटणारा खडक, तर कुठे टणक चुनखडी. धान्याला ती कंजूष, पण द्राक्षाला मानवणारी. ब्रोलिओचा गड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यातही तिथल्या रात्री गार असतात, त्यामुळे द्राक्ष सावकाश पिकते. इथल्या वाइनचा लौकिक जुना. १७१६ साली ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फर्मान काढून कियांतीसह चार प्रदेशांच्या सीमा आखून दिल्या आणि त्या सीमांबाहेरची वाइन त्या नावाने विकण्यास बंदी केली. जगात इतक्या लवकर अशी हद्द आखून दिल्याची उदाहरणे थोडी आहेत.

लौकिक जुना असला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माल बेभरवशाचा होता. याचे कारण शेतीच्या पद्धतीत होते. टस्कनीत अर्धेलीची रीत चाले. मालकाने जमीन, घर आणि भांडवल द्यायचे, कुटुंबाने राबायचे, आणि पीक निम्मे-निम्मे. अर्धेलकऱ्याला वर्षाची भाकरी हवी, म्हणून तो एकाच शेतात गहू, कडधान्य, ऑलिव्ह आणि द्राक्ष असे सगळेच घेई. द्राक्षाचे वेल शेताच्या बांधावर, मॅपलसारख्या झाडांवर चढवलेले असत. तांबडी, पांढरी, लवकर पिकणारी, उशिरा पिकणारी अशी नाना जातींची द्राक्षे एकदमच खुडली जात आणि एकाच हौदात तुडवली जात. एखाद्या वर्षी सुरेख रसायन जमून येई, एखाद्या वर्षी आंबट पाणी हाती लागे. उन्हाळा आला की पिंपातली वाइन बिघडे. समुद्रापार धाडायची तर बंदरावर पोचेपर्यंत तिचा सिरका व्हायची भीती.

यावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून एक तोडगा काढलेला होता. सुगीच्या वेळी काही निवडक घड बाजूला ठेवून चटयांवर सुकवायचे. सप्टेंबर-ऑक्टोबरातला रस आंबून शांत झाला की नोव्हेंबरच्या सुमारास या सुकवलेल्या द्राक्षांचा दाट, गोड रस त्यात घालायचा. आपण दुधाला विरजण लावतो, तसाच काहीसा हा प्रकार. थंडीने मंदावलेली आंबण्याची क्रिया पुन्हा हलकेच सुरू होई, वाइनचा तिखट आंबटपणा निवे, ती मऊ आणि ताजी लागे आणि वसंतात पिण्याजोगी होई. या रीतीला टस्कन लोक गोव्हेर्नो म्हणतात. त्यामागचे रसायनशास्त्र कोणाला ठाऊक नव्हते, परिणाम मात्र सर्वांना ठाऊक होता.

अशा वेळी सुधारणा करू पाहणाऱ्या माणसापुढे दोन सोप्या वाटा असतात. वाडवडिलांनी केले ते योग्यच, असे म्हणून डोळे मिटायचे. किंवा हे सारे अडाणीपणाचे, असे म्हणून परदेशातली रीत उचलून आणायची. त्या काळी परदेश म्हणजे फ्रान्स. बोर्दो आणि बर्गंडीच्या वाइनना युरोपच्या राजदरबारांत मान होता. इटलीतले अनेक धनिक आपल्या वाइनला फ्रेंच वळण देण्याच्या खटपटीत होते. काव्हूरदेखील राजकारणात शिरण्यापूर्वी पीडमाँटमधील ग्रिंझाने या खेड्याचा नगराध्यक्ष होता आणि द्राक्षशेतीच्या सुधारणेत त्याने मन घातले होते. इटलीचे पहिले दोन्ही पंतप्रधान द्राक्षमळ्यातून राजकारणात आले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रिकासोलीने तिसरी वाट धरली. तो १८३४ मध्ये फ्लॉरेन्सच्या जॉर्जोफिली या कृषिसंस्थेचा सभासद झाला. १७५३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जमीनदार, शास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्री एकत्र बसून शेतीची चर्चा करीत. ब्रोलिओला त्याने प्रयोगांचा वसा घेतला. जातवार द्राक्षे वेगळी लावायची, वेगळी खुडायची, त्यांचा रस वेगळा आंबवायचा, मग एकेक मिश्रण करून पाहायचे आणि निरीक्षणे लिहून ठेवायची. द्राक्षाच्या बाबतीत वर्षाला एकच प्रयोग करता येतो. या वर्षीच्या मिश्रणाचा निकाल कळायला तीन-चार वर्षे थांबावे लागते. घाईच्या माणसाचे हे काम नव्हे. १८५१ साली तो फ्रान्समध्ये गेला, तिथले मळे आणि तळघरे त्याने बारकाईने पाहिली. आंबवण्याची क्रिया ताब्यात कशी ठेवावी, पिंपांची स्वच्छता किती महत्त्वाची, वाइन मुरवावी कशी, हे सारे त्याने अभ्यासले. परतल्यावर त्याने फ्रेंचांची शिस्त स्वीकारली. पण शेवटी जे मिश्रण त्याने ब्रोलिओसाठी ठरवले, त्यात एकही फ्रेंच द्राक्ष नव्हते. आपल्या डोंगरावर जे शेकडो वर्षे उगवत आले आहे, त्याच्यात काय गुण आहे हे शोधायचे आणि शोधताना नवे शास्त्र वापरायचे, अशी त्याची धारणा होती.

याच सुमारास युरोपभर द्राक्षावर भुरीचा रोग पसरला. १८५० नंतरच्या दशकात टस्कनीचे मळे या रोगाने हैराण झाले. गंधकाची धुरळणी हा त्यावरचा उपाय हळूहळू सर्वत्र रुजला. जुन्या रीतीवर भिस्त ठेवून बसणाऱ्यांना या संकटाने जागे केले. निरीक्षण आणि शास्त्र यांवाचून आता शेती टिकायची नाही, हे पटू लागले.

इथे रिकासोलीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो आपल्या अर्धेलकऱ्यांचा हितकर्ता होता, पण मित्र नव्हता. त्याने शेतीच्या कामांचे तपशीलवार नियम घालून दिले. वेलीची छाटणी केव्हा, खत किती, खुडणी कशी, सारे ठरलेले. कुटुंबांनी कसे वागावे, यावरही त्याची नजर असे. रविवारी तो स्वतः त्यांना धर्माचे आणि सदाचाराचे पाठ देई. अर्धेलीच्या रीतीत कुटुंबातले लग्नसुद्धा मालकाच्या संमतीवाचून होत नसे, आणि वर्षअखेरीस घर सोडायला सांगण्याचा अधिकार मालकाकडे असे. कियांतीच्या वाइनची कीर्ती ज्या हातांनी घडवली, त्या हातांना तिच्यातले निम्मेच मिळे, आणि निर्णयात तर काहीच वाटा नसे. नव्या शेतीचे प्रयोग करणाऱ्या या माणसाने जमिनीच्या जुन्या नात्याला मात्र हात लावला नाही. हे नाते ईश्वरी योजनेचाच भाग आहे, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती. त्याच्या चरित्रातील ही मर्यादा झाकून चालणार नाही.

देशाचे वारे मात्र त्याला गडावर स्वस्थ बसू देत नव्हते. १८४७ साली त्याने मित्रांसह ला पात्रिया म्हणजे मातृभूमी या नावाचे वृत्तपत्र काढले. लगेच तो फ्लॉरेन्सचा नगरप्रमुख झाला. १८४८ च्या क्रांतीची लाट आली आणि ओसरली. पळून गेलेला ग्रँड ड्यूक लिओपोल्ड १८४९ मध्ये परतला, पण ऑस्ट्रियाच्या संगिनींच्या छायेत. परक्या फौजेच्या आधाराने गादीवर बसणारा राजा रिकासोलीला मानवेना. तो राजकारणातून बाजूला झाला, काही काळ स्वित्झर्लंडमध्ये राहिला, मग पुन्हा शेतीकडे वळला. मारेम्मा या हिवतापाने ग्रासलेल्या किनारी दलदलीच्या प्रदेशात ग्रोसेतोजवळ जमीन घेऊन त्याने तिथे यंत्रशेतीचे प्रयोग केले. १८५२ मध्ये आन्ना वारली. घरात तो आणखी एकाकी झाला.

१८५९ हे त्याच्या आयुष्यातले निर्णायक वर्ष. पीडमाँट आणि फ्रान्स यांचे ऑस्ट्रियाशी युद्ध पेटले. २७ एप्रिलला फ्लॉरेन्सची जनता रस्त्यावर आली आणि लिओपोल्ड शहर सोडून गेला. रिकासोली आधी गृहमंत्री आणि ऑगस्टपासून टस्कनीच्या हंगामी सरकारचा प्रमुख झाला. पण मध्येच, जुलैमध्ये, नेपोलियन तिसरा याने मित्राला न विचारता व्हिलाफ्रांका येथे ऑस्ट्रियाशी तह केला. टस्कनीचे राज्य जुन्या ड्यूकला परत द्यावे, असे त्यात ठरले. काव्हूरने संतापून राजीनामा दिला. सगळीकडे चलबिचल सुरू झाली. कोणी म्हणे स्वतंत्र टस्कनी ठेवावी, कोणी म्हणे नवा राजा आणावा. फ्रान्सचे दूत येत, धाक घालत, आमिष दाखवत. रिकासोली तसूभर हलला नाही. टस्कनी इटलीत विलीन होईल, दुसरे काही होणार नाही, एवढेच त्याचे उत्तर. याच महिन्यांत त्याला पोलादी बॅरन हे नाव कायमचे चिकटले. मार्च १८६० मध्ये सार्वमत घेण्यात आले. विलीनीकरणाच्या बाजूने ३,६६,५७१ मते पडली आणि वेगळ्या राज्याच्या बाजूने १४,९२५. काव्हूरच्या मुत्सद्देगिरीचे आपण कौतुक करतो. पण टस्कनी त्या घटकेला डळमळली असती, तर इटलीच्या नकाशाचे काय झाले असते हे सांगता येत नाही.

याच प्रसंगातली एक गोष्ट त्याच्या स्वभावाशी जुळणारी आहे. टस्कनीला कायद्याची उदार परंपरा होती. १७८६ साली तिथल्या ड्यूकने देहांताची शिक्षाच रद्द केली होती. पुढे ती परत आली, पण १८५९ च्या हंगामी सरकारने पुन्हा रद्द केली. विलीनीकरणानंतर पीडमाँटचा दंडसंग्रह बाकीच्या इटलीला लागू झाला. टस्कनीने मात्र आपला जुना संग्रह १८८९ मध्ये सर्व देशासाठी नवा दंडसंग्रह होईपर्यंत टिकवला, आणि त्या नव्या संग्रहात देहांत शिक्षा नव्हती. मोठ्या घरात जायचे, पण आपल्याजवळचे चांगले फेकून देऊन जायचे नाही, ही वृत्ती इथेही दिसते.

६ जून १८६१ रोजी काव्हूर अकाली मरण पावला. सहाच दिवसांनी रिकासोली पंतप्रधान झाला. राज्य नवे, खजिना रिकामा, दक्षिणेत बंडाळी, रोम अजून पोपच्या ताब्यात. गंमत म्हणजे प्रांतांच्या स्वत्वाचा अभिमानी असलेल्या याच माणसाने पंतप्रधान म्हणून दक्षिणेकडील प्रांतांची वेगळी प्रशासने मोडून सगळा कारभार केंद्राच्या हाती आणला. देश फुटेल या भीतीपुढे त्याची प्रांतनिष्ठा नमली. राजा व्हिक्टर इमॅन्युएल आणि तो यांचे कधीच जमले नाही. राजा मनमोकळा, शिकारीचा आणि रंगेल वृत्तीचा. हा काळ्या पोशाखातला, ताठ मानेचा, हांजी हांजी न करणारा. मार्च १८६२ मध्ये त्याने पद सोडले.

जून १८६६ मध्ये ऑस्ट्रियाशी पुन्हा युद्ध पेटले, तेव्हा त्याला परत बोलावण्यात आले. त्या वेळी राजधानी फ्लॉरेन्समध्ये होती. प्रशियाशी केलेला करार मोडला तर व्हेनिस लढाईवाचून मिळेल, असे आमिष फ्रान्सने दाखवले. दिलेला शब्द मोडण्यास त्याने नकार दिला. कुस्तोझा आणि लिस्सा येथे इटलीचा पराभव झाला, तरी प्रशियाच्या विजयामुळे व्हेनिस इटलीला मिळाले. पुढे धर्मसंस्था आणि राज्यसंस्था यांची फारकत करून दोघांनाही मोकळे करावे, असा त्याचा प्रयत्न होता. तो कोणालाच रुचला नाही. एप्रिल १८६७ मध्ये तो सत्तेवरून उतरला आणि ब्रोलिओच्या वाटेला लागला.

आता तो साठीकडे झुकलेला होता. मुलीचे लग्न झालेले होते. लाल विटांनी नव्या गॉथिक धाटणीत बांधून घेतलेला वाडा, तळघरातली पिंपे आणि तीस वर्षांच्या नोंदवह्या एवढाच त्याचा संसार. पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांच्याशी तो आपल्या प्रयोगांविषयी पत्रव्यवहार करीत असे. २६ सप्टेंबर १८७२ रोजी त्यांना लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपल्या साऱ्या खटाटोपाचे सार मांडले. कियांतीच्या इतिहासात या पत्राला सनदेचे मोल आहे.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. कियांतीच्या वाइनला तीन द्राक्षे पुरतात. पहिले सांजोवेतो, ज्याला आज सांजोवेझे म्हणतात. वाइनचा मुख्य सुगंध आणि जोम याच्यापासून येतो. दुसरे कानायोलो, तेही तांबडेच. पहिल्याचा राठपणा ते निववते, पण त्याचा सुगंध कमी करीत नाही, कारण त्याला स्वतःलाही सुगंध असतो. तिसरे माल्वासिया, हे पांढरे द्राक्ष. पहिल्या दोघांचा दाटपणा ते पातळ करते, चव वाढवते आणि वाइनला हलकी करून रोजच्या जेवणात लवकर वापरण्याजोगी बनवते. आणि याच ठिकाणी त्याने एक सूचना जोडली: जी वाइन दीर्घकाळ मुरवायची आहे, तिच्यात हे पांढरे द्राक्ष वगळले तरी चालेल.

या सूचनेचे महत्त्व कळण्यासाठी सांजोवेझेचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. हे द्राक्ष उशिरा पिकते. आंबटपणा भरपूर, सालीत तुरटपणाही बराच. वर्ष गार गेले तर वाइन जिभेला टोचते, पण हेच आंबट-तुरट घटक तिला वर्षानुवर्षे टिकवून धरतात. पांढऱ्या द्राक्षाने ती आज गोड वाटते, पण उद्याचे आयुष्य कमी होते. जुन्या शेतकऱ्याने तांबड्यात पांढरे मिसळले ते अज्ञानाने नव्हे. त्याला वसंतात पिण्याजोगी वाइन हवी होती. रिकासोलीने त्याची रीत मोडीत काढली नाही. ती कशासाठी आहे, कुठे उपयोगी आणि कुठे नाही, एवढे त्याने शोधून काढले. रोजच्या पानासाठी एक वाइन, मुरवून ठेवण्यासाठी दुसरी. जुन्या रीतीतले शहाणपण आणि नव्या शास्त्राची कसोटी यांचा मेळ त्याने असा घातला.

२३ ऑक्टोबर १८८० रोजी ब्रोलिओ येथेच त्याचा मृत्यू झाला. खुडणीचा हंगाम नुकताच संपत आलेला असतो, तेव्हाचे हे दिवस. त्याच्या आदल्याच वर्षी द्राक्षाच्या मुळ्या कुरतडणारी फिलॉक्सेरा नावाची कीड इटलीत प्रथम आढळली होती. पुढच्या काही दशकांत तिने जुने मळे उद्ध्वस्त केले आणि अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून सारे पुन्हा लावावे लागले. परिसरातले लोक म्हणतात, बॅरन अजूनही पौर्णिमेच्या रात्री पांढऱ्या घोड्यावरून मळ्यांची राखण करीत फिरतो. धाक गेला तरी धाकाची आठवण उरते, ती अशी.

त्याच्या मागे त्याच्या पत्राचे काय झाले, ही कथा त्याच्या चरित्राइतकीच बोधप्रद आहे. तीन द्राक्षांचे मिश्रण कियांतीची परंपरा म्हणून सर्वमान्य झाले. १९३२ मध्ये कियांती हे नाव जुन्या सीमांपलीकडच्या विस्तीर्ण प्रदेशाला देण्यात आले. १९६७ साली सरकारी नियम झाला, त्यात १० ते ३० टक्के पांढरे द्राक्ष घालणे सक्तीचे ठरले. माल्वासियाच्या जोडीला त्रेब्बियानो हे भरघोस पीक देणारे, पण चवीला फिके द्राक्षही चालेल असे मान्य झाले. मुरवायच्या वाइनमध्ये पांढरे वगळावे, ही बॅरनची सूचना मात्र नियमात राहिली नाही. पाककृती राहिली, तिचे कारण गळाले. याच काळात १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले आणि कुटुंबे शेत सोडून कारखान्यांकडे गेली. घाईने लावलेल्या नव्या मळ्यांत उत्पन्न वाढले, गुण घटला. गवताच्या वेष्टणातली कुपी जगभर पोचली, पण स्वस्त माल म्हणून.

मग पुन्हा काही उत्पादकांनी तोच जुना प्रश्न विचारला. आंतिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून तिन्यानेल्लो नावाची वाइन काढली आणि काही वर्षांतच तिच्यातले पांढरे द्राक्ष पूर्ण वगळले. नियमात बसत नाही म्हणून तिला कियांती हे नाव लावता येईना. उत्तम वाइनला साध्या टेबल वाइनची चिठ्ठी आणि सामान्य मालाला मानाचे नाव, असा उलटा न्याय काही काळ चालला. १९८४ मध्ये पांढऱ्याचे प्रमाण २ ते ५ टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये कियांती क्लासिको या मूळ प्रदेशाला निव्वळ सांजोवेझेची वाइन करण्याची मुभा मिळाली. २००६ च्या हंगामापासून तर तिथे पांढऱ्या द्राक्षाला बंदीच झाली. ज्याला लोक परंपरेविरुद्ध बंड समजत होते, ते १८७२ च्या पत्रात एका वाक्यखंडात आधीच लिहिलेले होते. मध्यंतरी परक्या कंपन्यांच्या हाती गेलेला ब्रोलिओचा व्यवसायही १९९३ साली रिकासोली घराण्याकडे परत आला.

त्या द्राक्षाचा प्रवास आता आपल्या दारापर्यंत पोचला आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात इटालियन सहकार्याने लावलेल्या मळ्यांत सांजोवेझेचे वेल उभे आहेत. तिथे हिवाळ्यात वेल झोपत नाही, वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. टस्कनीची कोणती रीत तिथे चालेल आणि कोणती नाही, हे पुस्तकातून कळणार नाही. ते वेलीला आणि मातीलाच विचारावे लागेल, वह्या लिहाव्या लागतील, आणि निकालासाठी काही वर्षे थांबावे लागेल.

रिकासोली हा सर्वगुणसंपन्न पुरुष नव्हता. घरात कठोर, राजकारणात हट्टी, अर्धेलकऱ्यांच्या बाबतीत आपल्या वर्गाच्या पलीकडे न पाहणारा. राज्यकर्ता म्हणून त्याची कारकीर्द दोन्ही वेळा मिळून दीड-पावणेदोन वर्षांची. पण एकाच प्रश्नामागे चाळीस वर्षे नेटाने राहणे, परदेशातून शिकून येणे पण भारावून न जाणे, आणि वाडवडिलांची रीत टाकण्यापूर्वी तिचे कारण शोधणे, या तीन गोष्टी त्याने करून दाखवल्या. परंपरा आणि आधुनिकता यांवर आपण व्याख्यानांतून पुष्कळ बोलतो. एका डोंगरी गडावरच्या या अबोल जमीनदाराने त्या वादावर आपल्या तळघरात वर्षाला एक याप्रमाणे प्रयोग केले, आणि निकाल एका पत्रात लिहून ठेवला.